बर्फाच्या गावातले बाप

सायलीचा फोन स्पीकरवर होता. राधाकिशनराव बशीतला चहा फुंकत होते आणि विमलबाई तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. पुण्याहून पोरगी हसत हसत म्हणाली, "आई, माझ्या टीव्हीवर बर्फ पडलाय गं. उघडावं तर नुसते नाताळचे सिनेमे. लाल स्वेटरवाली पोरगी, दाढीवाला लाकूडतोड्या, मागे दिव्यांचं झाड. घरी कोण बघतंय एवढं?" टीव्ही बीडच्या घरातला, पण त्यातलं ॲप सायलीच्या खात्यावरचं. इथे जे बघावं त्याची खबर तिथे तिच्या पडद्यावर उमटते, हे राधाकिशनरावांच्या गावीही नव्हतं. उभा जन्म सरकारी मोजणी खात्यात लोकांच्या जमिनी मोजण्यात गेला, आणि इथे त्यांच्याच दुपारी कुणीतरी मोजून ठेवत होतं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. चहा केव्हाच निवला होता, तरी ते फुंकत राहिले. विमलबाईंनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं, हातातली शेंग सोलली, दाणे ताटलीत टाकले आणि फोनकडे तोंड करून म्हणाल्या, "मीच बघती की. कावून, मी बगू न्हाई का?" सायली म्हणाली, "बघ की. मी कुठे नाही म्हणतेय. बरं, मी चोवीसला येतेय, ऑफिसला नाताळची सुट्टी आहे. बाबा ऐकत असतीलच. बाबा, ह्या खेपेला 'बघू' नको. उत्तर पाहिजे."

फोन बंद झाला. विमलबाई पुन्हा शेंगा सोलू लागल्या, आणि त्यानेच राधाकिशनराव जास्त कासावीस झाले. ही बाई खोटं बोलत नाही. भाजीवालीशी घासाघीस करतानाही खरं तेच सांगते. तिने त्यांच्यासाठी डोळ्याची पापणी न लववता थाप मारली होती. म्हणजे तिला माहीत होतं. रोज दुपारी जेवण झाल्यावर ती आतल्या खोलीत आडवी व्हायची, डोळ्यांवर पदर घ्यायची. मग राधाकिशनराव टीव्हीचा आवाज अगदी बारीक करून, खुर्ची पुढे ओढून बसायचे. दारात कुणाची चप्पल वाजली की झटकन बातम्या लावायचे. बातम्यांत माणसं एकमेकांवर ओरडत असायची आणि आलेल्या माणसाला वाटायचं, रावसाहेब देशाची काळजी करतायत. म्हणजे पदराआडून ती सगळं ऐकत होती. बायकोने चोरी पकडावी आणि वर जामीनही राहावं, याला काय म्हणावं ते त्यांना कळेना. त्यांनी बशी उचलून मोरीत नेऊन ठेवली, जे ते एरवी कधी करत नाहीत.

मागच्या हिवाळ्यात डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा हे सुरू झालं होतं. वाचायचं नाही, उन्हात जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. रिमोटवर चुकीचं बटण दाबलं गेलं आणि समोर एक गाव उघडलं. छोटं गाव, सगळ्या घरांवर दिवे, रस्त्यावर पांढराशुभ्र बर्फ, आणि शहरातून आलेली एक पोरगी बॅग ओढत चाललेली. हिंदीत डब केलेलं. ती शिडीवर चढून झाडाला चांदणी लावत होती, पाय घसरला, खाली तो होताच. राधाकिशनराव मनाशी म्हणाले, आता हा उपटसुंभ कोण? बघता बघता सिनेमा संपला. दुसऱ्या दिवशी दुसरा लागला. त्यातही गाव तेच असावं असं वाटलं, चौक तोच, बेकरी तीच, फक्त ह्या खेपेला माणूस सुतार होता आणि त्याला एक लहान मुलगी होती. पहिले काही दिवस त्यांना बसल्या जागी एक विचित्र खाज सुटायची. माणसं आवडत होती, पण ती कोण हेच कळत नव्हतं. कोण म्हणजे कोणाच्यातली. त्यांच्या धंद्यात हे हातखंडा काम होतं. समोरच्याने आडनाव सांगितलं की गाव सांगता यायचं, गाव सांगितलं की सोयरे सांगता यायचे, आणि मग बोलायचं कसं, बसायचं कुठे, चहा घ्यायचा की नुसतं पाणी, हे सगळं आपोआप ठरायचं. त्या बर्फाच्या गावात कुणी कुणाला विचारतच नव्हतं. पोरगी बेकरीत शिरायची, तो म्हणायचा, "हाय," ती नाव सांगायची, की झालं. पुढचं कायी न्हाई. अरे, तिचे पाव्हणे कोण, मामाचं गाव कुठलं? त्यांना दोन-तीनदा पडद्याला विचारावंसंही वाटलं. मग केव्हातरी ती खाज गेली. गेली ते कळलंही नाही. एके दुपारी त्यांच्या ध्यानात आलं की आपण खुर्चीत सैल होऊन बसलोय, खांदे खाली आलेत, आणि बऱ्याच वेळात आपण मनात कुणालाही कुठल्या घराण्यात बसवलेलं नाही.

त्यातलं सगळं खोटं होतं, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मोजणीवाल्याची नजर ती. बर्फात एवढी माणसं उभी, पण एकाच्याही तोंडातून वाफ निघत नाही. इथे बार्शी रोडला डिसेंबरात दूधवाला बोलला तरी वाफ निघते. खिडकीबाहेरच्या झाडांना हिरवीगार पानं. छपरावरचा बर्फ कापसाचा, एका कोपऱ्यात सुटलेला. हे सिनेमे कुठल्या थिएटरात लागत नाहीत, टीव्हीसाठीच काढतात, भर उन्हाळ्यात उरकतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलंही. त्याने त्यांचं काही बिघडलं नाही. उलट बरं वाटलं. कुणीतरी भर उन्हात लोकरीचे कपडे घालून, घाम पुसत, आपल्यासाठी थंडीचं सोंग करतंय, यात एक माया होती. आणि तंटा तरी किती छोटा. बेकरी विकायची का न विकायची. चिमूटभर गैरसमज, एक रुसवा, आणि चार दिवसांत सगळं मिटतं. राधाकिशनरावांनी सख्खे भाऊ हातभर बांधासाठी म्हातारे होताना पाहिले होते. मोजणीची साखळी अंथरली की दोन्हीकडच्या बायका पदर खोचून उभ्या राहायच्या. ते आकडा सांगायचे तेव्हा एक बाजू नेहमी शिव्या द्यायची. कुठलीही मोजणी संपून दोघंही हसत घरी गेले, असं त्यांच्या नोकरीत झालं नाही. तेव्हा शेवट माहीत असलेली गोष्ट बघणं हे त्यांना कुणीतरी पाय चेपून दिल्यासारखं वाटायचं. शेवटी चौकात दिवे लागायचे, तो यायचा, ती वळायची, आणि दर वेळी, न चुकता, राधाकिशनरावांच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्याला पाणी यायचं. ऑपरेशन न झालेल्या डोळ्यालाही यायचं.

दिवाळीत सायलीने सांगितलं होतं. पुण्याच्या ऑफिसातला मुलगा. सौरभ. धारूरचा. वडील आश्रुबा गुरुजी, शाळेतून रिटायर झालेले. मग तिने आडनाव सांगितलं, आणि राधाकिशनरावांच्या डोक्यातला नकाशा आपसूक उघडला. बौद्ध घर. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. पोरगी तोंडाकडे बघत होती. ते म्हणाले, "बघू." आपल्याकडे 'बघू' हा शब्द मोठा सोयीचा. त्यात होकार नाही, नकार नाही, नुसता आडोसा आहे. ते स्वतःला वाईट माणूस समजत नव्हते. ऑफिसातल्या सगळ्यांच्या घरी ते जेवले होते, आणि जेवलो हे चार लोकांत सांगितलंही होतं. 'जेवणं वेगळं आणि...' असं त्यांच्या मनात यायचं, पण पुढचं वाक्य ते पुरं होऊ द्यायचे नाहीत. पुरं केलं तर ते आपल्याच तोंडातून निघालेलं ऐकावं लागलं असतं. आणि उमापूरला थोरला भाऊ तानाजी होता. बाप गेल्यावर त्यानेच राधाकिशनला शिकवलं, स्वतः शेतात राबला. त्याच्यापुढे हे काढायचं म्हणजे जीभ टाळ्याला चिकटायची. सायलीने चिडून-बिडून काही केलं नाही. एवढंच म्हणाली, "आम्ही रजिस्ट्रार ऑफिसात नोटीस दिलीय, बाबा. जानेवारीत सह्या करू. तुम्ही आलात तर मला फार बरं वाटेल. नाही आलात तरी लग्न होईल, पण मग मी ह्या घरात कोणत्या तोंडाने येऊ? नाही येणार." ती धमकी नव्हती. ती खरंच येणार नाही, हे बापाला कळलं, कारण तिने हट्ट त्यांचाच उचलला होता. आणि तरी ते रोज दुपारी बर्फ पाहत होते.

त्या गावात बाप फार. बायको वारलेले, चौकड्यांचे जाड शर्ट घालणारे, छोटी खाणावळ चालवणारे. शेवटाच्या जरा आधी पोरगी उदास होऊन अंगणात येते. बाप हातात कप घेऊन पायरीवर बसतो. जरा वेळ दोघं गप्प असतात. मग तो म्हणतो, "बेटा, अपने दिल की सुनो." एवढंच. पोरगी त्याच्या गळ्यात पडते आणि सुटते. सगळ्या बापांना आवाज एकाच माणसाचा होता; त्या बिचाऱ्याने काचेच्या खोलीत बसून किती पोरींना मोकळं केलं असेल. राधाकिशनरावांना ती पायरी फार हवीशी वाटायची. गच्चीवर वाळवणाला राखण बसले की ते वाक्याची तालीम करायचे. पण ते यायचं हिंदीतच. मराठीत आणलं की त्याचं भलतंच व्हायचं. 'तुझ्या मनाचं ऐक' हे भाषणासारखं वाटायचं. 'तुला वाटंल तसं कर' म्हणावं, तर बीड जिल्ह्यात बाप असं म्हणाला की पोरगी समजते, आपल्या नावाने आंघोळ झाली. 'आमचं काय, आमी आज हाव उद्या न्हाई' हे तर अगदी जिभेवर तयार, पण त्याने पोरगी सुटत नाही, अडकते. त्यांच्या स्वतःच्या बापाने त्यांना आयुष्यात जी वाक्यं दिली त्यांत एकतर हुकूम होता नाहीतर राग. माया होती ती बोलायची नसायची. ती जत्रेहून येताना आणलेल्या रेवड्यांत असायची. एकदा विमलबाई पापड उलटायला वर आल्या आणि त्यांनी नवऱ्याला हवेत "बेटा" म्हणताना ऐकलं. पापड उलटून खाली गेल्या. ते आठवलं की राधाकिशनरावांना आता घाम फुटत होता.

चोवीसला सायली आली. केस कापलेले, वजन कमी झालेलं. दुपारी जेवण झालं, तिने आपणच टीव्ही लावला आणि आईला शेजारी ओढून बसवलं. "चल आई, तुझा सिनेमा बघू." राधाकिशनराव पेपर उघडून बाजूला बसले. बर्फाचं गाव उघडलं. विमलबाई शहाण्यासारख्या बघू लागल्या. चष्मा आत होता, त्यामुळे त्यांना पडद्यावर फक्त पांढरं आणि लाल दिसत असावं. सायलीने विचारलं, "हा तोच का गं, बेकरीवाला?" "हां, त्योच," विमलबाई म्हणाल्या, "लई गरीब हाय बिचारा." पेपरामागून राधाकिशनरावांच्या तोंडून निघून गेलं, "बेकरीवाला न्हाई त्यो. त्यो झाडं तोडतो. बेकरी तिच्या मावशीची हाय." पेपर खाली आला. सायली त्यांच्याकडे बघत होती. हसत नव्हती. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "आईला चष्म्याशिवाय टीव्ही दिसत नाही, आणि चष्मा तर ती लावतच नाही. फोनवर मुद्दाम विचारलं मी." विमलबाई म्हणाल्या, "मग माला कावून खोटं बोलाया लावलं, बया?" आणि त्या खरोखरच फुरंगटल्या.

"आवडतात तुम्हाला, बाबा?" सायलीने विचारलं. ते म्हणाले, "शेवट म्हाईत असतो. तरी डोळ्याला पाणी येतं." त्यांना वाटलं पोरगी हसेल. विमलबाईच म्हणाल्या, "मग नारायणगडावर कीर्तनाला लोक काय शेवट म्हाईत न्हाई म्हनून जात्यात? सीता घरी येती का न्हाई, हे का ठाऊक नसतं? शेवट म्हाईत असला म्हंजी मधलं नीट ऐकू येतं." सायली जरा वेळ पडद्याकडे बघत राहिली. तिथे ती पोरगी आणि तो माणूस पिठात हात घालून उभे होते, तिच्या नाकाला पीठ लागलं होतं. मग सायलीने विचारलं, "बाबा, ह्याचं आडनाव काय हो?" राधाकिशनराव म्हणाले, "कोणाचं?" "ह्याचं. झाडं तोडणाऱ्याचं. तुम्ही तर पाहिलाय ना हा." त्यांनी आठवून पाहिलं. झाडवाल्याचं आठवेना. सुताराचं आठवेना. एवढ्या दुपारी, एवढी लग्नं त्यांनी डोळे पुसत लावून दिली होती, आणि एकाही जावयाचं आडनाव त्यांना सांगता येत नव्हतं. "त्यात सांगत न्हाईत," ते म्हणाले. सायली म्हणाली, "आणि तुम्ही तरी रडता." तिने डोळे पुसले आणि उठून आत गेली. पडद्यावर बर्फ पडत राहिला. राधाकिशनरावांनी टीव्ही बंद केला. ते आतल्या खोलीच्या दारात गेले आणि म्हणाले, "त्याच्या वडलांचा नंबर दे."

त्यांनी फोन गच्चीवर नेला. संध्याकाळ व्हायला वेळ होता, कोवळी थंडी होती, खालच्या गल्लीत कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. काय बोलायचं ते जिन्यातच ठरलं होतं आणि ते ठरवताना त्यांना स्वतःचं मोठं कौतुक वाटलं होतं. उमापूरच्या शेतात ज्वारी हुरड्यात आली होती. रविवारी तानाजीने सगळी भावकी बोलावली होती. तिथेच गुरुजींना सहकुटुंब बोलवायचं. आगटीभोवती सगळे बसतील, गरम हुरडा चोळून एकमेकांच्या हातावर देतील, बोलता बोलता ओळख होईल, आणि सिनेमात चौकातल्या जत्रेत होतं तसं सगळं आपसूक जमून येईल. फोन लागला. "नमस्कार. बीडहून बोलतोय. सायलीचा बाप." पलीकडे कुकरची शिट्टी झाली, मग एक सावकाश, शाळेत कमावलेला आवाज आला. "नमस्कार, नमस्कार. बोला." राधाकिशनरावांनी हुरड्याचं सांगितलं. रविवारी या, सगळे या, आमची भावकीही असेल, बघणं-बोलणं होईल. आश्रुबा गुरुजी म्हणाले, "बोलावलंत, बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. एक विचारू का? राग मानू नका."

"विचारा की."

"सोयरिकीचा शब्द टाकायचा तर तुमच्यात आधी कोण कोणाच्या घरी जातं?"

"मुलीकडचे जातात," राधाकिशनराव म्हणाले. "मुलाच्या घरी."

"आमच्यातबी तेच हाय," गुरुजी म्हणाले. "मग तुमच्याच समाजातल्या सोयऱ्यांचा मुलगा असता, तर त्याच्या बापाला तुमी पहिल्यांदाच शेतात बोलावलं असतं का? चार लोक बघायला बसलेत, तिथं?" आवाजात धार नव्हती. पोरांना गणित परत समजावून सांगावं तसा होता. "मुलाचा बाप म्हणून मी नखरा करतोय असं समजू नका. मला मान-पान कायी नको, आहेर नको. पण आमाला तपासायला बोलवू नका. आमच्या घरी या. उद्या या, परवा या. मग हुरड्याला म्हणाल तेव्हा येऊ."

फोन संपल्यावर राधाकिशनराव तो हातात घेऊन कठड्याला टेकून राहिले. लाज वाटली, अगदी कोवळ्या पोराला वाटावी तशी. जे औदार्य म्हणून ते जिना चढले होते, त्यात त्यांनी त्या माणसाला पुन्हा वेशीबाहेर उभं करून आत घेण्याची तजवीज केली होती, आणि आत घेणारे आपण. कुठल्याही मोठ्या घरातल्या सोयऱ्याशी असं वागायची त्यांची छाती झाली नसती. इथे झाली, आणि तीही प्रेमाने. बर्फाच्या गावात असं काही होत नाही. तिथे कुणाला आधी कुणाच्या दारात जायचं हा पेचच नाही. तिथून हे शिकता येणार नव्हतं. पण तिथे बसून बसून एक झालं होतं, त्यांना लाज वाटली तेव्हा राग आला नाही. एरवी आला असता. त्यांनी तसाच परत फोन लावला. "गुरुजी, चुकलं माझं. उद्या सकाळी येतो." मग, धीर आहे तोवर, उमापूरला लावला.

"दादा, उद्या धारूरला चाललोय. सायलीचा शब्द टाकायला. तू चल."

"धारूरला?" तानाजीच्या मागे पाण्याची मोटार चालू होती. "कोणाच्यात?"

राधाकिशनरावांनी आडनाव सांगितलं. नीट, गावासकट सांगितलं. मोटार चालत राहिली.

"राधा, तुला येड लागलंय का?"

"असंल."

"माला इचारलंस का?"

"आता इचारतोय, दादा."

"ह्याला इचारनं म्हनत्यात?" तानाजी म्हणाला आणि फोन ठेवला.

सकाळी विमलबाईंनी ठेवणीतलं इरकल नेसलं, नारळ आणि पेढ्यांचा पुडा पिशवीत घातला. मुलगी अशा कामाला बरोबर न्यायची नसते, म्हणून सायली घरीच राहणार होती. तिने आईची निरी सारखी केली, बापाच्या कोटावरचा दोरा काढला. तिचे हात गार होते. शब्द टाकायला मुलीच्या बापाने एकट्याने जायचं नसतं, बरोबर भावकीतला थोरला लागतो, हे तिघांनाही ठाऊक होतं आणि तिघंही त्यावर बोलत नव्हते. राधाकिशनरावांनी गाडी बाहेर काढली. फाटकाचा खटका लावायला वळले, तर गल्लीच्या टोकाकडून तानाजी येत होता. पांढरी टोपी, खांद्यावर शाल, हातात हुरड्याची थैली, आणि चेहरा असा की जणू कुणाच्या मयताला निघालाय. जवळ येऊन त्याने भावाकडे न बघता थैली सायलीच्या हातात दिली. "गरम करून खा," तिला म्हणाला. मग राधाकिशनला म्हणाला, "माला पटलेलं न्हाई. आधीच सांगतो. पन पोरीकडनं तुमी नवरा-बायकोच गेलात, तर लोक म्हंतील पोरीला मागं कुनी न्हाई." आणि पुढचं दार उघडून बसला. राधाकिशनरावांनी फाटकाला दोनदा खटका लावला.

वडवणी मागे पडली. तेलगावच्या पुढे, घाट लागायच्या आधी, तानाजीने समोर बघतच विचारलं, "पोरगं पितं-बितं का?" "न्हाई." मग बऱ्याच वेळाने, "आईबाप?" "आई पारूबाई. वडील मास्तर होते." "मास्तर," तानाजी म्हणाला, आणि खिडकीची काच खाली करून सीताफळीच्या रानाकडे बघू लागला. घाटातली गार हवा आत आली. राधाकिशनरावांना वाटलं, हा मधेच उतरून जाईल. आणि हेही वाटलं की गेला तरी मी पुढे जाणार. हा विचार इतका सरळ आला की ते स्वतःच दचकले.

आश्रुबा गुरुजींचं घर लहान, चुन्याचं, अंगण सारवलेलं. गुरुजी फाटकापर्यंत आले. सौरभ दारात उभा होता, उंच, घाबरलेला. नमस्कार करताना त्याने एकाच माणसाला दोनदा केला. बैठकीत खुर्च्या मांडलेल्या, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. पाणी आलं, पाणी झालं. रस्त्याचं बोलणं झालं, थंडीचं झालं, यंदा तूर बरी आहे हे झालं. पारूबाई दाराशी पाटावर बसल्या होत्या, विमलबाई त्यांच्याजवळ सरकून बसल्या. मग बोलणं संपलं. सगळ्यांनी राधाकिशनरावांकडे पाहिलं, कारण आता त्यांनी बोलायचं होतं. त्यांच्या मनात पहिल्यांदा हिंदीच आलं. ते त्यांनी बाजूला सारलं. मग मराठी आली नाही, डोळ्यांपुढे नुसती पोरगीच आली. फ्रॉक घातलेली, त्यांच्या मोजणीच्या साखळीवरून उड्या मारणारी. त्यांनी तोंड उघडलं आणि आवाज निघाला नाही. पुन्हा उघडलं. नाही. सौरभ जमिनीकडे बघत होता. गुरुजींच्या चेहऱ्यावर काहीतरी मिटत चाललं होतं. हा गप्पपणा त्यांनी आयुष्यात बऱ्याचदा ओळखला असणार. आणि राधाकिशनरावांना ओरडून सांगावंसं वाटत होतं की तसं नाही हो, तसं नाही. पण सांगणार कशाने?

तेव्हा तानाजीने घसा खाकरला. टोपी काढून मांडीवर ठेवली. समोरच्या भिंतीकडे बघत, सातबारा वाचावा तशा कोरड्या आवाजात तो म्हणाला, "आमच्या राधाकिशनची एकुलती एक लेक हाय. सायली. शिकलेली हाय, गुनाची हाय, जरा तापट हाय. ती तुमच्या पदरात घालायची म्हनून आमी दोघं भाऊ तुमच्या दारात आलोत. न्हाई म्हनू नका."

पारूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. त्या सगळ्यांकडे एकेक करून बघत होत्या. "ते समदं खरं," त्या म्हणाल्या, "पन पोरीला इचारलंय का?"

तानाजीने त्या दिवसात पहिल्यांदा कुणाच्यातरी डोळ्यांत बघितलं. "तिला कोन इचारतंय, बाई," तो म्हणाला. "तिनंच तर आमाला धाडलंय."

आधी पारूबाई हसल्या, मग विमलबाई, मग गुरुजी. राधाकिशनरावांना रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही.